पाटलाच्या ओसरीवर बोललेलं एक वाक्य

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईलाही सांगितलं नाही, आणि आता ती ऐकायला उरली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित जमेल. एरवी बोलण्यात मी कमी नाही. आमच्या चामोर्शीकडच्या भागात शेतमजुरांचा कुठलाही कार्यक्रम असो, माईक फिरून फिरून शेवटी माझ्याच हातात येतो. पार्बताबाईंवर बोलायचं म्हटलं की लोकांना मनोहरच लागतो. आणि मी बोलतो. एक गोष्ट सोडून सगळं बोलतो.

आधी पार्बताबाई कोण ते सांगतो. म्हणजे मला जरा श्वास घेता येईल.

पार्बताबाई आमच्याच गावच्या. धानाच्या रोवण्याला जाणारी बाई — भर पावसात पोटऱ्यांएवढ्या चिखलात, दिवसभर वाकून, उलट्या पावलांनी मागे सरकत रोपं लावणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा. पण याच बाईनं तहसीलदाराला त्याच्या कचेरीत उभं राहून ऐकवलं होतं, "साहेब, तुमी एक दिवस वाकून पाहा, मंग आपून कागद वाचू." साहेब हसले. बाई हसली नाही. मग साहेबही हसायचे थांबले.

आज आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बांधीवर, धानाच्या शेतावर जा. भर दुपारी एक तास बायका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या दिसतील. डबा खातात, लेकरांना पाजतात, जरा पाठ टेकतात. त्याला कोणी जेवणाची सुट्टी म्हणत नाही, 'पार्बताबाईचा तास' म्हणतात. त्याआधी काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. धुऱ्यावर छत्रीखाली लेकरू रडून रडून निळं पडायचं आणि आई वीस पावलांवर ओळीत वाकलेली असायची, ओळ मोडली तर मालक ओरडेल म्हणून. पुढे तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या आमच्या बायकांना तिथल्या ठेकेदारानं अडकवून ठेवलं, तेव्हा ही बाई दोघींना सोबत घेऊन एसटीनं गेली, मिरचीच्या शेतातच ठाण मांडून बसली आणि सगळ्यांना घेऊन परत आली. साप चावून गेलेल्या एका मजुराच्या बायकोला मदत मिळावी म्हणून तिनं गडचिरोलीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. बाई आणि गडी दोघांना एकच मजुरी, हे आमच्या आसपासच्या गावांत तिनंच आणलं.

हे सगळं मी भाषणात सांगतो. पाठ झालंय. पण दरवेळी एका जागी माझी जीभ जड होते. लोकांना वाटतं, मनोहरभाऊंचा कंठ दाटून आला. टाळ्या वाजवतात बिचारे.

ती जागा म्हणजे पहिला संप. फसलेला.

त्याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली. मी तेव्हा बी.ए.ला एकदा नापास होऊन घरी बसलेला पोरगा. माझी आई पार्बताबाईंच्या टोळीत रोवण्याला जायची, आणि मला वाचता-लिहिता येतं म्हणून टोळीचे अर्ज मी लिहायचो. बायका मला मास्तर म्हणायच्या. शेवंताबाई तर चिडवायचीच — "मास्तर, कागद वाचते तसा एक डाव चिखल वाचून दाखव." टोळीत तिचा हात सगळ्यांत जलद. रोवण्याची गाणी तीच उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. शेवंताबाईचं नाव लक्षात ठेवा. माझ्या मनातून ते एक दिवस गेलेलं नाही.

मागण्या दोन होत्या. मजुरी वाढवा आणि दुपारचा एक तास द्या. मोठे पाटील — गावातली अर्धीअधिक बांधी त्यांची — ऐकायला तयार नव्हते. तेव्हा पार्बताबाईंनी एक डाव रचला. धानाची रोपं, आम्ही त्याला पऱ्हे म्हणतो, आधी एका कोपऱ्यात दाट वाढवतात. मग ती उपटून पेंढ्या बांधायच्या आणि मोठ्या बांधीत रोवायच्या. जमिनीत उभे आहेत तोवर पऱ्हे चार दिवस थांबतात. पण एकदा उपटले की थांबत नाहीत. दिवस-दोन दिवसांत रोवले नाहीत तर पिवळे पडतात, कुजतात. पाटलाची माणसं सगळे पऱ्हे उपटून मोकळी झाली की त्या सकाळी एकाही बाईनं बांधीत पाय घालायचा नाही, असं ठरलं. म्हणजे पाटील संध्याकाळच्या आत बोलायला येणार. येणारच. मजुराच्या हातात वर्षभरात असा एकच दिवस येतो.

ही गोष्ट टोळीबाहेर जाऊ नये म्हणून शपथा झाल्या. आणि एक नियम झाला — संप संपेपर्यंत कोणीही पाटलाच्या घरची पायरी चढायची नाही. कितीही अडलं तरी नाही.

मग काय झालं? पाटलानं पऱ्हे उपटलेच नाहीत. जसेच्या तसे उभे ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून बायका आल्या. त्यांनीच उपटले, त्यांनीच रोवले. आमच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पाहत होत्या. त्या हंगामात आमच्या टोळीला गावात एक दिवसाचं काम मिळालं नाही. माझ्या आईनं त्या वर्षी काय करून चूल पेटवली, ते मला विचारू नका.

कोणीतरी फोडलं होतं, हे उघड होतं. कोणी?

समाजमंदिरात सकाळी सगळ्या जमल्या. पार्बताबाई मध्ये बसल्या होत्या, आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "रागावत नाई मी. पण मले माहीत पायजे. पाटलाच्या घरी कोन गेलतं?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नजरा अशा एकेकीवरून सरकत सरकत येतात ना — तशा त्या येत होत्या, आणि माझ्या आईपर्यंत आल्या, आणि आईच्या मागे मी भिंतीला टेकून उभा होतो.

मी म्हणालो, "शेवंताबाईला पाहिलं मी. पाटलाच्या मागच्या दारातून निघताना."

तिचा चेहरा एकदम उतरला. "मी नाई गेली," ती म्हणाली. मग लगेच, दुसऱ्या श्वासाला — "गेलती. पोरगी बाळंत झाली, तिले दूध येत नव्हतं. लेकराले वाटीभर दूध मागाले गेलती पाटलीनबाईले. दुसरं काई नाई बोलली मी. देवाची आन."

"मंग आधी खोटं काऊन बोलली, शेवंते?" पार्बताबाईंनी विचारलं.

नियम मोडल्याची लाज वाटली म्हणून ती एक वाक्य खोटं बोलली, आणि तेवढ्यानं पुढचं सगळं खरं वाया गेलं. पार्बताबाई म्हणाल्या, तिला टोळीत जागा नाही.

तुम्ही म्हणाल, यात तुझा काय गुन्हा? पाहिलं ते सांगितलंस. हो, ते खरंच होतं. शेवंताबाई खरंच मागच्या दारातून निघाली होती. मी एक शब्द खोटा बोललो नाही. पण त्या पन्नासेक बायकांत — आणि त्यात पार्बताबाईसारखी बाई, जिच्यासमोर भल्याभल्या साहेबांची बोबडी वळायची — एकीलाही एक साधा प्रश्न सुचला नाही. खुद्द शेवंताबाईलाही नाही. मी तो प्रश्न तेव्हापासून रोज ऐकतो.

मनोहर, तू कुठी उभा होता?

मी उभा नव्हतो. बसलो होतो. पाटलाच्या ओसरीवर, खुर्चीवर. हातात चहाचा कप.

सांगतो. आता थांबून उपयोग नाही. गावापासून दोन कोसांवर एक आश्रमशाळा होती, तिथं बाबूची, म्हणजे कारकुनाची, जागा निघणार होती, आणि त्या संस्थेत पाटलाचा शब्द चालायचा. एवढंच. मी चिठ्ठी मागायला गेलो होतो. पायरी चढायची नाही हा नियम माझ्याच अक्षरात टोळीच्या वहीत लिहिलेला, आणि मी पायरी चढलो. पाटलानं मला 'या मास्तर' म्हटलं. आमच्या घरातल्या कुणाला त्या ओसरीवर खुर्ची मिळालेली नव्हती. माझा बाप आयुष्यभर त्या अंगणात उकिडवा बसला. मी खुर्चीवर बसलो आणि खरं सांगू — मला फार बरं वाटलं. लाज नंतर आली. आधी बरंच वाटलं.

पाटील काही खोदून विचारत नव्हते. हवापाण्याच्या गोष्टी. मग सहज म्हणाले, "उद्या पऱ्हे काढाले लावतो मानसं. पाऊसपानी बरं हाय. नाई का, मास्तर?"

मी गप्प बसू शकलो असतो. मान डोलावली असती तरी चाललं असतं. पण माणूस आपल्याला विचारतोय, आपलं मत घेतोय, पाटील, आपलं — आणि मी म्हणालो, "भाऊ, चार दिवस थांबा. पऱ्हे काढू नका."

झालं. एवढंच. यापेक्षा जास्त मी काही बोललो नाही, कारण सांगितलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि चहा संपवा म्हणाले. त्याच वेळी बाजूच्या बोळातून मला शेवंताबाई दिसली. मागच्या दारातून निघालेली, पदराखाली काहीतरी झाकून, अंग चोरून चालत. तिनं ओसरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर? मी हा प्रश्नही सोडून दिलाय. तिनं पाहिलं नाही.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं. आणि वर कुंपणच ओरडलं, की चोर तो पाहा.

पुढच्या वर्षी मला आश्रमशाळेत नोकरी लागली. ते त्या वाक्याचं बक्षीस होतं की माझं नशीब, हे मी पाटलांना कधी विचारलं नाही. कसल्या तोंडानं विचारणार? त्याच नोकरीवर माझं लग्न झालं, घर झालं, पोरं शिकली. घरातला प्रत्येक घास त्या ओसरीवरून आलाय.

शेवंताबाईला कोणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त टोळीत घेतलं नाही. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. रोवणा एकटीनं होत नाही हो. ओळ लागते, डावीकडे बाई लागते, उजवीकडे बाई लागते. गावातली ही टोळी नाही म्हणाली आणि दुसरीही घेईना, तेव्हा तिनं परक्या गावच्या बायकांबरोबर मिरचीला जायला सुरुवात केली. जिला गाता यायचं ती तिथं तेलुगू बोलणाऱ्यांत मुकी होऊन राबायची. परत यायची तेव्हा बोटांची कातडी सोललेली असायची.

आणि पार्बताबाई मोठ्या होत गेल्या. दोन वर्षांनी दुसरा संप झाला, त्यात कोणी फुटलं नाही, पाटलानं दुपारचा तास दिला. मग गावोगाव टोळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक सभेत त्या पहिल्या संपाची गोष्ट सांगायच्या. नाव घ्यायच्या नाहीत, पण नाव लपतं का? बायकाच एकमेकींना बजावू लागल्या, "शेवंती करू नोको बाप्पा." दगा देऊ नको, असा त्याचा अर्थ. पाच-सहा गावांत ते बोलणंच झालं. ज्यांनी शेवंताबाईला कधी पाहिलं नाही त्या पोरीही म्हणतात.

तुम्हाला आता दिसतंय ना मी कुठं अडकलो ते? संप फसल्याच्या दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर मार खाल्ला असता आणि सुटलो असतो. दुसऱ्या संपानंतर बोललो असतो तर बायकांची उभी राहिलेली शिस्तच हलली असती — असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर पार्बताबाईंचं नाव चंद्रपूर-गडचिरोलीत झालं, त्यांचे सगळे कागद मीच करायचो, त्या म्हणायच्या, मनोहर माझा उजवा हात. मग तर तोंड उघडणं म्हणजे त्यांच्याच तोंडावर काळं फासणं. इकडे आड, तिकडे विहीर. पण विहीर मीच खणली होती, आणि दर वर्षी हात-दोन हात खोल करत होतो. सच्च्या बाईच्या हातून आयुष्यात एकच अन्याय झाला. तो माझा होता. मी तो तिच्या नावावर राहू दिला.

त्यांना कधी शंका आली नाही? आली. शेवटच्या आजारपणात त्या चंद्रपूरला दवाखान्यात होत्या. दुपारची वेळ होती, मी एकटाच खाटेजवळ बसलो होतो. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "मनोहर, शेवंतीच्या बाबतीत माह्या हातून चुकलं तं नाई ना गा? लेकराच्या दुधाचं कोनी खोटं सांगते का?"

मी म्हणालो, "नाही बाई. तुमच्याकडून काही चुकलं नाही."

शब्द तपासून पाहा. खरेच होते. मला ही कला येते.

"तू म्हनते तं नसन," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. चौथ्या दिवशी गेल्या. त्यांना तेवढं एक कळलं असतं, तर त्या सलाईन काढून शेवंताबाईच्या दारात जाऊन बसल्या असत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी सफरचंद कापत होतो.

यंदा त्यांचं पहिलं वर्षश्राद्ध. टोळ्यांच्या समितीनं त्यांच्या जीवनावर पुस्तिका काढायचं ठरवलं. लिहिणार कोण? मनोहरभाऊ. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. आता सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक आमच्या रस्त्यानं धडधडत जातात, तरणी पोरं तिकडे कामाला धावतात, त्यांना रोवणा म्हणजे काय हे सांगायला हवं, असं समितीतली मुलं म्हणाली. बरोबरच आहे. सात प्रकरणं लिहिली. चौथं प्रकरण पहिल्या संपाचं. मी लिहिलं होतं — आतल्याच कुणीतरी दगा दिला. समितीतली एक मुलगी म्हणाली, "भाऊ, ते 'शेवंती करू नका' काऊन नाई टाकलं? सगळ्याईच्या तोंडी हाय ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पेन काढलं आणि ती ओळ लिहिली. चंद्रपूरच्या छापखान्यात जाऊन मुद्रितंही मीच तपासली. त्या ओळीत चूक नव्हती.

गावात घरटी एक प्रत वाटायची होती. तेही माझ्याकडेच. शेवंताबाईचं घर टाळलं असतं तर लोकांच्या लक्षात आलं असतं, चोराच्या मनात चांदणं. मंगळवारी सकाळी गेलो. तसा मी तिच्याकडे जातोच — तिच्या पेन्शनचे कागद मी भरतो, बँकेत नेतो. इतकी वर्षं गावात तिच्याशी सरळ बोलणारा मी एकटाच, असं तीच सगळ्यांना सांगते. मला आशीर्वाद देते. तिला वाटतं मी भला माणूस आहे.

ती मोहफुलं वाळत घालत होती. हात पदराला पुसून तिनं पुस्तक घेतलं, पुठ्ठ्यावरचा पार्बताबाईंचा फोटो निरखून पाहिला. "बाई चांगल्या दिसून राह्यल्या," म्हणाली. एवढं सोसून तिच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "माह्यं नाव तं नाई ना टाकलं गा यात?"

मी म्हणालो, "नाही."

या खेपेला शब्दही खरे नव्हते.

तिचे खांदे एकदम सैल झाले. "तू लिवून राह्यला म्हून बरं झालं," ती म्हणाली. "दुसरा कोनी असता तं टाकलं असतं. लय भेव वाटत होतं मले." पुस्तक तिनं कपाळाला लावलं आणि आत जाऊन देवाच्या फोटोशेजारी ठेवलं. बाहेर आली ती हसत. तिची धाकटी नात चंद्रपूरला होस्टेलवर राहून शिकते. "शनवारी येते पोरगी," म्हणाली. "तिच्याकून सारं वाचून घेतो, पयल्या पानापासून."

दुधाला शेवंताबाई गेली होती. वाक्य मी बोललो होतो. तिच्या अंगणात उभा राहून मला हे म्हणता आलं असतं, निदान पुस्तक परत मागता आलं असतं. मी चहा नको म्हणालो, पिशवी उचलली आणि पुढच्या घरी प्रत द्यायला गेलो. आज शुक्रवार आहे.